घोडीची उजवी बाजू

रहीमचाचांचं काम माझ्यामुळे गेलं. हे मी घरात कधी बोललो नाही — वडिलांजवळ नाही, बायकोजवळही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? नीट सांगता येणार नाही. पंचेचाळिशी उलटली, तरी ती तांबडी घोडी डोळ्यांसमोरून हलत नाही, एवढं खरं.

आमचे दोन टांगे होते, बोर्ली ते म्हसळा. नवं जनावर आणलं की वडील ते रहीमचाचांच्या हाती द्यायचे. चाचा ओहोटीला त्याला दिवेआगरच्या ओल्या, घट्ट वाळूवर न्यायचे, लांब दोर सैल धरून आपल्याभोवती फिरवायचे. एका हाकेला चालायचं, दुसऱ्या हाकेला थांबायचं. हातात चाबूक कधी नसे. कुठलीही नवी वस्तू — पट्टा, घुंगरं, साधं गोणपाट — आधी त्याला हुंगू द्यायची. मग डाव्या अंगाला लावायची. आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून, उजव्या अंगाला. डाव्या डोळ्यानं पाहिलेलं उजव्या डोळ्याला ठाऊक नसतं, असं त्यांचं म्हणणं.

वडील चिडवायचे, “चाचा, घोडी शिकवताय की सुनेचे लाड करताय?”

“सून विसरल, भाऊ,” चाचा हसायचे. “घोडी न्हाय विसरायची.”

ती तांबडी घोडी आणली त्या वर्षी माझं नुकतंच लग्न झालं होतं. शिमग्याला बायकोला म्हसळ्याला माहेरी न्यायचं, ते याच घोडीच्या टांग्यातून — असं मी सासरी सांगून बसलो होतो. कशाला? मेहुण्यांनी पाहावं म्हणून, दुसरं काय.

शिमगा आठवड्यावर आला आणि चाचा भाचीच्या निकाहाला चार दिवस गेले. जाताना मला बजावून गेले, डावी बाजू झालीय, उजवीला मी येईपर्यंत हात लावू नको. मी मान हलवली.

दुसऱ्याच दिवशी मी साज घेऊन तिच्या उजव्या अंगाला गेलो. हुंगू दिला नाही. सरळ पाठीवर टाकला. ती बिथरली, माझ्या हातातून दोर सुटला, आणि मी — त्याच साजाचा पट्टा तिच्या तोंडावर मारला. एकदा नाही. ती भिंतीला चिकटून थरथरत उभी राहिली तेव्हा थांबलो.

चाचा परतले. उजवीकडे गेले तशी ती मागे सरली. त्यांनी तिच्या गालावरून हळूच बोटं फिरवली आणि माझ्याकडे वळले.

“हिच्या उजवीकडनं कोन आलेलं, बाबा?”

“कोणी नाय, चाचा.”

तेवढंच बोललो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ओळखलं असेल का त्यांनी? मला वाटतं, ओळखलं होतं.

तिसऱ्या दिवशी वडील गवताचा भारा घेऊन तिच्या उजवीकडून गेले. तिची लाथ त्यांच्या गुडघ्यावर बसली. तो पाय पुढे कधी सरळ झाला नाही. अर्धीच घोडी शिकवली म्हाताऱ्यानं, असं ते अंथरुणातून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले. मी उशाशी बसून ऐकत होतो. घोडी विकली. चाचांना निरोप गेला, उद्यापासून येऊ नका. मग म्हसळ्याच्या टांगेवाल्यांनीही त्यांना बोलावणं सोडलं. ते काथ्याचे दोर वळू लागले.

सतरा वर्षं मी त्यांच्या वाडीवरून टांगा हाकला. ते हात वर करायचे, मीही करायचो. वडील गेले, रस्त्यावर मोटार आली, टांगेही विकले. भ्यायचं असं कुणी उरलं नव्हतं — तेव्हा गेलो. याला धीर म्हणायचं का?

चाचा ओट्यावर दोर वळत होते. बस म्हणाले. मी उभाच राहिलो.

“चाचा, तुम्ही भाचीच्या निकाहाला गेला होता तेव्हा घोडीच्या उजवीकडून मी गेलो होतो. पट्ट्यानं तोंडावर मारलं तिला. तुम्ही विचारलंत, आणि मी खोटं बोललो. बाबा तुम्हाला बोल लावत होते तेव्हाही गप्प बसलो. तुमच्या कामात काही खोट नव्हती. मी चुकलो, चाचा.”