रिडक्शन म्हणजे कमी होणं

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपली त्याच दिवशी अकोल्यातल्या एका कोचिंग क्लासने माझ्या भाचीला केमिस्ट्रीच्या वरच्या बॅचमधून काढून खालच्या बॅचमध्ये बसवलं. ती बारावीला होती. त्याच आठवड्यात तिच्या वडिलांनी घरात जाहीर केलं: डिसेंबरच्या चाचणीत पोरगी वर गेली तर ठीक, नाहीतर विज्ञान बंद. तिने घरी शेंदूरजनाघाटला परत यायचं आणि पुढच्या वर्षी कला शाखेतून बारावी करायची. तिला रसायनशास्त्र शिकायचं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यावर चर्चा झाली नाही.

वरची बॅच तळमजल्यावर, एसीमध्ये बसते. खालची बॅच गच्चीवरच्या पत्र्याखाली बसते. म्हणजे मुलगी खाली गेली की प्रत्यक्षात दोन जिने वर जाते. या रचनेतला विनोद क्लासमध्ये कोणाच्या लक्षात आलेला नाही. क्लासचे मालक स्वतः केमिस्ट्री शिकवतात. त्यांना फक्त 'सर' म्हणतात. रस्त्यावरच्या फलकावर त्यांचा फोटो विद्यार्थ्यांच्या फोटोंपेक्षा मोठा आहे आणि त्यात त्यांची मूठ आवळलेली आहे. पालक भेटायला आले की आधी त्यांच्या पाया पडतात, मग मुलाचे मार्क विचारतात.

भाचीचं नाव कागदोपत्री एका खेड्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयात होतं. तिथे ती फॉर्म भरायला गेली, त्यानंतर गेली नाही. कोणीच जात नाही. महाविद्यालय मुलांना बोलवत नाही आणि क्लास त्यांना सोडत नाही. अशी दोघांची समजूत आहे. प्रात्यक्षिकांची वही सगळ्यांनी एकाच मुलीची पाहून उतरवली होती. त्या मुलीने कोणाची पाहिली होती, ते कळलं नाही.

मी अमरावतीला राहतो. रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर केली. बहिणीने फोन करून सांगितलं, सरांना भेटायला चाललो, तू सोबत ये. मी गेलो.

सरांनी आम्हाला चहा दिला. मुलगी दाराशी उभी होती. तिला बसायला सांगितलं नाही.

"मेहनती आहे," सर म्हणाले, "पण केमिस्ट्री रक्तात असावी लागते. मी मुलाच्या डोळ्यांत बघून सांगतो."

"आयकलं?" भाऊजी मला म्हणाले. "रक्तातच नाही तं आता काय करता, पेपरवाले? सलाईन लावता का?"

सर हसले. भाऊजींना सर हसल्याचा आनंद झाला. मी तिच्या शेवटच्या चाचणीची उत्तरपत्रिका मागितली. सर म्हणाले, ती अॅपवर असते. इतक्या पालकांत ती आजवर कोणी मागितली नव्हती, असं काउंटरवरच्या मुलीने नंतर सांगितलं.

उत्तरपत्रिका मी अमरावतीला परत येताना एसटीत पाहिली. मोल संकल्पना, द्रावणं, सेंद्रिय अभिक्रिया यांत तिचं बरं होतं. इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत आणि जिथे जिथे रेडॉक्स येतं तिथे सगळं चूक होतं. सगळं म्हणजे एकही बरोबर नाही. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय होते. ज्याला काही येत नाही त्याचंही त्यात अधूनमधून बरोबर येतं. एकही बरोबर येत नाही तेव्हा माणूस अंदाज करत नसतो. तो नियम पाळत असतो आणि नियम उलटा असतो. डेस्कवर नवा वार्ताहर प्रत्येक बातमीत वादी-प्रतिवादी उलटे लिहू लागला की त्याला कायदा येत नाही असं आम्ही म्हणत नव्हतो. त्याला प्रतिवादी म्हणजे काय, एवढंच विचारत होतो. डोळ्यांत बघून निदान करणाऱ्याला हा प्रश्न सुचण्याचं कारण नव्हतं.

रविवारी ती अमरावतीला आली.

"रिडक्शन म्हणजे काय?" मी विचारलं.

"कमी होणं."

"काय कमी होतं?"

"इलेक्ट्रॉन. दुसरं काय कमी होईन, मामा?"

"सरांनी काय सांगितलं?"

"सरनं ऑइल रिग सांगतलं. ऑक्सिडेशन इज लॉस, रिडक्शन इज गेन. पण मले वाटलं बोलता बोलता चुकले. कमी होणं अन् गेन होणं, एकच कसं राहीन? मंग मी माह्या मनानं सुधरोलं."

"आणि ऑइल रिग म्हणजे?"

ती इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत, हे तिला माहीत नव्हतं. "तेलाचा घाणा असन."

"विचारलं का नाहीस?"

"कोनाले विचारू? डाउट अॅपवर टाका लागते. खालच्या बॅचच्या डाउटले 'व्हिडिओ पुन्हा बघा' असं आपोआप येते."

तिचं दहावीपर्यंतचं शिक्षण मराठीत झालं होतं. मी कागदावर 'क्षपण' लिहिलं.

"हे तं येते मले," ती म्हणाली. "ऑक्सिडीकरण अन् क्षपण. दहावीत पैकीच्या पैकी होते." मग कागद जवळ ओढला. "म्हंजे हे क्षपण म्हंजेच ते रिडक्शन?"

दीड वर्षात, दोन बॅचमध्ये, हे वाक्य तिला कोणी सांगितलं नव्हतं. क्लासमधली निम्मी मुलं मराठी शाळांतून येतात. तीन शब्दांचा हा खुलासा फळ्यावर लिहायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ सर रोज स्वतःच्या संघर्षाची गोष्ट सांगण्यात घालवत. ती गोष्ट भाचीला तोंडपाठ होती.

क्षपणाची व्याख्या तिला येत होती, पण ती ऑक्सिजन गमावण्याची होती. इलेक्ट्रॉनचं काय होतं ते त्यात नव्हतं. म्हणून मी विचारलं, घरच्या संत्र्याच्या झाडांना बुरशीसाठी बोर्डो मिश्रण लावता तेव्हा ते बरोबर झालं की नाही हे कसं पाहता?

"विळा बुडवाचा. विळ्यावर तांबूस चढलं तं चुना कमी पडला. अजून टाकाचा."

"तांबूस काय चढतं?"

"तांबं. मोरचुदातलं."

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. तिला समीकरण लिहायला सांगितलं. तिने लोखंड आणि मोरचूद डावीकडे लिहिलं, तांबं उजवीकडे. मोरचुदातल्या तांब्यावर अधिक दोन भार होता. विळ्यावर चढलेल्या तांब्यावर शून्य होता.

"मग तांब्यानं इलेक्ट्रॉन घेतले की दिले?"

"घेतले. दोन." ती कागदाकडे पाहत राहिली. "अन् कमी झाला तो भार. दोनाचा शून्य झाला. म्हंजे कमी होणं बराबरच आहे, मामा. कशाचं कमी, ते मी चुकीचं धरलं."

"हो."

"मंग सर असं काहून नाही सांगत?"

मी तिला पुढचं समीकरण लिहायला दिलं. त्यानंतर ती दर रविवारी येत राहिली. अॅनोड, कॅथोड, विद्युत घट, गंज. जुना नियम हाताला लागलेला होता, त्यामुळे सुरुवातीला ती बरोबर उत्तर लिहून पुन्हा खोडायची. नोव्हेंबर संपताना खोडणं थांबलं.

डिसेंबरच्या चाचणीत इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचे सगळे प्रश्न बरोबर आले. एकूण गुण बरेच वाढले. वरच्या बॅचची मर्यादा मात्र क्लासने त्याच चाचणीत वाढवली होती आणि भाची थोडक्यात मागे राहिली. भाऊजी गाडी घेऊन अकोल्याला आले. होस्टेलच्या फाटकात मी आणि बहीण होतो. भाचीची बॅग बाहेर ठेवलेली होती.

"चाल, बस गाडीत," भाऊजी म्हणाले. "ठरलं होतं."

"बसतो, बाबा. अमरावतीले सोडा, मामाकडे."

"तिथं काय आहे?"

"क्लास नाही. तेच बरं आहे. क्लास सोडतो मी, सायन्स नाही सोडत."

"सर काय म्हनतीन?"

"त्यायले माहं नाव तरी सांगता येते का, इचारा."

भाऊजींनी खरंच फोन लावला. सरांनी उचलला, मुलीचा रोल नंबर विचारला. भाऊजींना तो माहीत नव्हता. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि ड्रायव्हरला डिकी उघडायला सांगितली. अमरावतीच्या वाटेवर मूर्तिजापूर आलं. तिथे भाऊजी म्हणाले, "फेल झाली तं माह्याकडे येऊ नको," आणि चहासाठी गाडी थांबवली.

फेब्रुवारीत तिने माझ्याकडे राहून बोर्डाची परीक्षा दिली. मे महिन्यात निकाल लागला. केमिस्ट्रीत तिला भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्रापेक्षा जास्त गुण आहेत. त्याच आठवड्यात क्लासने नवा फलक लावला. त्यात तिसऱ्या ओळीत तिचा फोटो होता, खाली 'आमची गुणवंत' असं लिहिलं होतं आणि आडनाव चुकलं होतं. भाऊजींनी फलकाचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि सरांचे आभार मानले. आडनाव चुकल्याचं ग्रुपवर कोणी म्हटलं नाही.

तिने अमरावतीच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र विषय घेऊन बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. प्रवेशाच्या दिवशी तिचे वडील सोबत होते.