एकशे चाळीसची रेघ

आमच्या सासूबाईंना शिवणकामाच्या दुकानात सगळे ‘टाचणी’ म्हणायचे. उंचीने तेवढ्याच, आणि टोचायच्याही तेवढ्याच. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची मापं घेतली. उंच गिऱ्हाइकाच्या खांद्याचं माप घ्यायला त्यांच्यासाठी एक लाकडी स्टूल ठेवलेलं असायचं. त्या स्टुलाला कुणी हसलं, तर कपडा मापातच शिवला जायचा, फक्त अंगावर घालून बघताना त्या माणसाला दोन-चार टाचण्या जास्त बोचायच्या.

सासरे बसचे ड्रायव्हर. बत्तीस वर्षं एकच रस्ता आणि तेच अकरा थांबे. ते निवृत्त झाले त्याच आठवड्यात सासूबाईंनी दुकान सोडलं आणि जाहीर केलं, की यापुढे गाडी दुसऱ्याने चालवायची आणि ह्यांनी खिडकीशी बसायचं. तेव्हापासून दोघांच्या पायाला जी भिंगरी लागली, ती लागलीच. पहिली सहल मोठ्या प्रवासी बोटीवरची, सात दिवसांची. तिथे सासूबाईंनी जेवण वाढणाऱ्याच्या कोटाची उसवलेली बाही टेबलावरच शिवून दिली आणि मगच सूप प्यायल्या. मग जुनी शहरं, त्यांचे तट, त्यांचे मनोरे. एका राजाच्या संगमरवरी पुतळ्याकडे बघून त्या म्हणाल्या होत्या, की राजा ठीक आहे, पण खांद्यात कपडा नीट बसलेला नाही.

सासऱ्यांना उंचीची भीती. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतसुद्धा ते भिंतीला पाठ लावून उभे राहतात. त्यामुळे मनोरा आला की सासूबाई वर आणि सासरे खाली, दोन्ही पिशव्या घेऊन. ‘कुणीतरी सामान बघायला हवं ना,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. घरातल्या अल्बमात प्रत्येक मनोऱ्यावर एक ठिपका हात हलवताना दिसतो. तो ठिपका म्हणजे आमच्या सासूबाई.

नातेवाइकांना हे बघवत नव्हतं. ‘या वयात’ हे दोन शब्द मी इतक्यांदा ऐकलेत, की ते उच्चारणाऱ्याच्या हातातली चहाची कपबशी काढून घ्यावीशी वाटते. फिरायच्या वयात एक बस चालवत होता आणि दुसरी शिलाई मशीन चालवत होती. मग जायचं कोणत्या वयात?

पण या वसंतात एका जुन्या शहराच्या दगडी पायऱ्यांवर सासूबाई घसरल्या. मनगट प्लास्टरमध्ये गेलं. फोन माझ्या नवऱ्याने घेतला, आणि पलीकडचा डॉक्टर ‘मनगट’ म्हणेपर्यंत त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मनगट जुळून आलं. त्याची भीती मात्र जिरली नाही. हिवाळ्यातल्या बोटीच्या सहलीसाठी सत्तरीपुढच्या प्रवाशांच्या फॉर्मवर घरच्या माणसाची सही लागत होती. ती करायला तो तयार होईना. मी करते म्हटलं, तर सासूबाईंनी मला हाताने थांबवलं. सही मुलाचीच हवी, नाहीतर बोट नको, म्हणाल्या. तो एक हट्टी, तर त्याची आई दीड हट्टी.

त्यात आणखी एक गोष्ट मला कळली होती. सासूबाईंनी स्वतःच्या सगळ्या पँटींची खालची दुमड एका वर्षात दोनदा वर घेतली होती. वयाने माणूस उंचीला थोडा आखडतो, बाकी प्रकृती ठणठणीत आहे, असं डॉक्टर म्हणाले. घरात कुणी हा विषय काढला नाही. मशीनवर बसून त्यांनीच त्या दुमडी घातल्या, आणि दोरा तोडताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

दरवर्षीप्रमाणे आम्ही चौघं थीम पार्कला गेलो. तिथल्या ‘वाघीण’ नावाच्या रोलर कोस्टरमध्ये सासूबाई एकोणीस वेळा बसल्या होत्या. सासरे एकदाही नाही. नाश्ता करताना सहीवरून पुन्हा ठिणगी पडली, आणि माझा नवरा चिडून बोलून गेला, “तुला वाघिणीत बसू देतात का बघू. बसू दिलं तर मी मुकाट सही करतो. नाही दिलं तर बोट विसरायची.”

सासूबाईंनी तोंड पुसलं. “चल,” म्हणाल्या.

वाघिणीच्या गेटजवळ भिंतीला एक फळी आहे. तिच्यावर रंगवलेल्या वाघिणीने पंजा पुढे केलाय आणि पंजाखाली एकशे चाळीस सेंटिमीटरची रेघ आहे. डोकं रेघेला लागलं तर आत, नाहीतर परत. सासूबाईंनी बूट काढले, पाठ ताठ केली. पंजा त्यांच्या डोक्याच्या चांगला वर राहिला. गेटवरची मुलगी ओशाळून म्हणाली, की आजी, यंदा जमणार नाही. माझ्या नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला. मला तो ऐकू आला आणि मनापासून संताप आला.

सासूबाई फळीपासून हलल्याच नाहीत. बाजूला एक शाळकरी मुलगी रडत होती, तिलाही नुकतंच परत पाठवलं होतं. सासूबाईंनी तिला नखशिखांत न्याहाळलं आणि म्हणाल्या, “ही एकशे बेचाळीस आहे.” मग त्या उकिडव्या बसल्या आणि फळीचा खालचा काठ चाचपू लागल्या. यंदा तिथे रबराची नवी फरशी घातली होती आणि भिंतीलगत तीन बोटं उंचीची पट्टी बसवली होती. फळी काढणाऱ्याने ती परत लावताना जमिनीला न टेकवता त्या पट्टीवर टेकवली होती.

पर्समधून टेप निघाली. ती टेप त्यांच्याबरोबर बोटींवर, मनोऱ्यांवर, सगळीकडे फिरलेली आहे. त्यांनी जमिनीपासून रेघेपर्यंत माप घेतलं, दोनदा. एकशे चव्वेचाळीस. गेटवरच्या मुलीने सुपरवायझरला बोलावलं. तो म्हणाला, कापडी टेपा ताणल्या जातात. ते खरंच आहे, म्हणून मी दरवर्षी नवी घेते, असं सांगून सासूबाईंनी त्याला लोखंडी टेप आणायला पिटाळलं. लोखंडी टेपही एकशे चव्वेचाळीसच म्हणाली. सुपरवायझर आधी लाल झाला, मग खरंच वरमला. त्याने माफी मागितली आणि खडूने खाली नवी रेघ मारली.

रडणारी मुलगी आत गेली. तिच्यामागून परत पाठवलेली आणखी पाच-सहा पोरं धावत आली. रांगेत टाळ्या पडल्या. माझा नवरा हाताची घडी घालून उभा होता, पण चेहऱ्यावरून हरल्याचं कळत होतं. मला तर नाचावंसं वाटत होतं.

मग सासूबाई पुन्हा उभ्या राहिल्या. सुपरवायझरने पाहिलं आणि हसून म्हणाला, “झालं आजी, बसा.”

“आकडा सांगा.”

तो घुटमळला. “एकशे साडेएकोणचाळीस. अर्ध्याने काय होतंय?”

“अर्ध्याने कोट बसत नाही,” त्या म्हणाल्या. “रेघ मी सरळ करून घेतली. आता मीच वाकडी करू?”

त्यांनी बूट घातले. नाडी बांधायला त्यांना खूप वेळ लागला. मी त्यांना कधी हरलेलं पाहिलं नव्हतं. माझा नवरा एक पाऊल पुढे आला आणि थांबला. जिंकून त्याला जरासुद्धा बरं वाटत नव्हतं, हे मला बायको म्हणून सांगता येतं.

तेवढ्यात सासऱ्यांनी दोन्ही पिशव्या सासूबाईंच्या हातात दिल्या. “माझी उंची घे,” म्हणाले.

“अहो, काहीतरीच काय?”

“घे म्हणतो ना. इतकी वर्षं माझ्या वाटणीचं तू चढलीस. आज तुझ्या वाटणीचं मी चढतो.”

सासूबाईंनी टाचा उंच करून माप घेतलं. एकशे एकाहत्तर. बाबा, राहू द्या, असं माझा नवरा म्हणाला. सासऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. ते गेटमधून आत गेले आणि पहिल्याच डब्यात बसले. ड्रायव्हरची खोड, दुसरं काय.

गाडी वर चढू लागली तशी सासूबाईंना पिशव्यांचं काय करावं ते कळेना. खाली ठेवल्या, उचलल्या, छातीशी धरल्या. माथ्यावर गाडी क्षणभर थांबली. वर एक पांढऱ्या केसांचा ठिपका दिसला. सासूबाईंनी पिशवीसकट हात उंच केला आणि हलवत राहिल्या.

सासरे खाली आले ते कठड्याला धरून. ओठ कोरडे, केस उभे. बाकावर बसून पाणी प्यायले, आणि म्हणाले, “ड्रायव्हर नसलेल्या गाडीत मी पुन्हा बसणार नाही.” सासूबाईंनी तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांचे केस हाताने नीट बसवले.

पैज तर आम्ही हरलोच होतो. सासूबाईंनी ते स्वतःच मुलाला सांगितलं, आणि बोटीचा फॉर्म पर्समधून काढून फाडायला घेतला. त्याने तो हातातून काढून घेतला. बाकावर फॉर्म ठेवून, गुडघे टेकून सही केली.

“मला भीती वाटते, आई,” तो म्हणाला.

“वाटू दे. ह्यांनाही वाटते. बघितलंस ना आत्ता?” फॉर्म पर्समध्ये गेला, आणि दोन्ही पिशव्या त्याच्या हातात आल्या. “धर. आता सामान तू बघायचंस.”

समोर आकाशपाळणा फिरत होता. तिथल्या पाटीवर एकशे वीसची रेघ होती. सासरे घाईने म्हणाले, की तू जा, मी खाली थांबतो.

“कशाला?” सासूबाई म्हणाल्या. “पिशव्या तर त्याच्याकडे आहेत.”

सासऱ्यांनी रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग त्यांतला एक त्यांनी बायकोच्या हातात दिला. जाताजाता सासूबाईंनी दुसऱ्या हाताने पर्समधली टेप काढली. ती रेघ पण मोजून घेते, म्हणाल्या, आखडत आखडत तिथवर पोचायला मला अजून खूप वर्षं आहेत.