बुडालेल्या जहाजाचं इंजिन
नातवाच्या पोहायच्या चष्म्याचा रबरी वास आला, की मला लक्षद्वीप आठवतं. हे गेल्यावर माझ्या डोळ्यांतून टिपूस निघालं नाही, म्हणून धाकट्या भावानं मला फैजपूरहून तिकडे नेलं. कासोटा घट्ट मारून, डोळ्यांवर तसाच चष्मा चढवून, तोंडात श्वासाची नळी धरून मी म्हशीसारखी तरंगले. खाली उथळ पाण्यात जुनं बुडालेलं जहाज होतं; गंजक्या इंजिनातून पिवळे मासे ये-जा करत होते. मनात काहीच हललं नाही. नळी काढून म्हणाले, "विहिरीवरची मोटर त्यांच्यामागं तवापासून बंदच पडेल हाये रे." "अक्का, तुले रडवाले इतकं लांब आणलं, अन् तुले मोटर आठवली?" म्हणत तोच रडू लागला. मी शहाणी, समुद्रात भिजलेल्या पदरानं त्याचे डोळे पुसले. तो आणखीच ओरडला. मोटर पुढे दुरुस्त झाली. माझं रडायचं मात्र अजून राहिलंच आहे.