कढई चढायच्या आधी

कृपादान सायमन भिंगारदिवे याच्या टेम्पोत उपाशीपोटी बसू नये. टेम्पो चालतो तळणाच्या उरलेल्या तेलावर आणि मागून जो धूर सोडतो त्याला भज्यांचा वास येतो. काष्टीच्या बाजारातल्या हॉटेलवाल्यांकडून हा माणूस काळं पडलेलं तेल गोळा करतो, बायकोच्या, म्हणजे मरियाच्या, जुन्या सुती पातळातून दोनदा गाळतो आणि टाकीत ओततो. वर डिझेल पंपासमोरून जाताना मुद्दाम हॉर्न वाजवतो. हे मला कधीच पटलेलं नाही. चौथीत मीच त्याला शिकवलं. तेव्हाही सांगितलेलं ऐकत नसे, आता तर बावन्न वर्षांचा झालाय.

पण वर्षातून एकदा मला त्या टेम्पोत बसावंच लागतं. कर्जतच्या बाजूला आमच्या भैरोबाचा माळ आहे. झाड नाही, विहीर नाही, नुसता मुरूम आणि वारा. चैत्रात तिथं जत्रा भरते आणि त्या दिवशी देवाला भीमेच्या पाण्यानं आंघोळ घालतात. ते पाणी आणायचा मान कृपादानच्या घरचा. बहात्तरच्या दुष्काळात कावड आणणारी सगळी जवान माणसं खडी फोडायच्या कामावर गेली होती. कृपादानचा बाप सायमन मिशनचं धान्य वाटायला बैलगाडी घेऊन माळावर आला होता. त्यानं न सांगता गाडी नदीवर नेली आणि पिंप भरून आणलं. ख्रिस्ती माणसाचं पाणी देवाला चालतं का, यावर चार जण कुजबुजले. म्हातारा गुरव म्हणाला, "आधी आभाळाकडं बघा, मग बोला." तेव्हापासून पाणी सायमनचं आणि सायमननंतर कृपादानचं. यात्रा कमिटीतर्फे सोबत जाणारा मी.

मागच्या वर्षी टेम्पो वाटेत बंद पडला आणि पाणी पावणेबाराला पोचलं. बाराला पालखी निघते. त्यावरून कमिटीत खडाजंगी झाली. गहिनीनाथ नावाच्या तरुण सभासदानं नवी सीएनजी पिकअप घेतलीय. यंदा पाण्याला बारा वाजून गेले तर पुढच्या वर्षीपासून मान पिकअपचा, असं ठरलं. पोरगा वाईट नाही, बोलला ते माझ्यासमोरच बोलला. मीही मान डोलावली होती. कृपादानला हे सांगायची पाळी माझ्यावर आली तेव्हा त्यानं फक्त हात पुसले आणि विचारलं, "लिहून घेतलं का?"

आणि इतकं होऊनही या शहाण्यानं काय करावं! मरियानं गाळलेल्या तेलाचे दोन कॅन भरून दाराशी ठेवले होते. हा ते तिथंच ठेवून आला. का, तर म्हणे जागा अडते. "जत्रंत तेलाला काय तोटा, गुरुजी? पन्नास कढया असत्यात." आदल्या दिवशी आम्ही माळावर पोचलो तेव्हा टाकीचा काटा तळाला टेकला होता.

सकाळी सात वाजता रिकामा कॅन घेऊन तो पालांच्या रांगेत गेला. मी चहा घेत होतो. पाच मिनिटांत तो परत आला. तोंड उतरलेलं.

"गुरुजी, येकबी कढई पेटल्याली न्हाई."

मी कप खाली आपटला. "अरे बाबा, देवाची आंघोळ झाल्याशिवाय या माळावर कढई चढत नाही! तीस वर्षं येतोयस आणि तुला माहीत नाही?"

त्याला खरंच माहीत नव्हतं. आणि कसं असणार? तो दर वर्षी पहाटे काष्टीहून निघायचा, परस्पर नदीवर जायचा आणि पाणी घेऊन यायचा. त्यानं पाणी उतरवून हात धुवेपर्यंत भजी तळून झालेली असायची आणि पहिली पुडी त्याच्याच हातात यायची. यंदा उशीर नको म्हणून आदल्या दिवशी आला आणि तिथंच फसला. त्यानं पाणी आणल्याशिवाय कढई चढणार नाही आणि कढई चढल्याशिवाय त्याला उरलेलं तेल मिळणार नाही.

डिझेल शोधलं. माळावर तोपर्यंत मोटारसायकलीच होत्या आणि एक ती सीएनजीवाली पिकअप. पंप बावीस किलोमीटरवर, जाऊन यायलाच दोन तास. गहिनीनाथ आला आणि अदबीनं म्हणाला, "दादा, पिंप माझ्या गाडीत ठिवा. मी आनतो पानी." कृपादाननं बॉनेट उघडलं, बंद केलं, परत उघडलं. मी घड्याळ बघत होतो. आठ वाजले. नदी अठरा किलोमीटर, रस्ता म्हणजे नुसती खडी. जायला तास, यायला तास, भरायला अर्धा. मला त्याचा इतका राग आला होता की दोन शब्द चांगले बोलणंही जमेना. आणि त्याच्या घरचा मान आज माझ्यासमोर जाणार, हे मला नको होतं, तेही खरं.

सव्वाआठला चांगुणामावशी आली. रांगेतलं पहिलं पाल तिचं. सत्तरीची बाई, चालताना गुडघा धरते. आज पंधरा किलोचा तेलाचा डबा ओढत आणला होता, सील न फोडलेला.

"ह्ये चालंल का रं तुझ्या गाडीला? का जळकंच लागतं?"

"चालतंय की, मावशी. पर ह्ये तुझं आजच्या घाण्याचं हाय."

एवढ्यात रामहरी गुरव धावत आला. बहात्तर सालच्या त्या म्हाताऱ्याचा हा मुलगा. "मावशी, थांब! इंजनात जाळ असतुया. आंगुळीच्या आधी तेल जाळायचं न्हाई, ठावं हाय न्हवं?"

मावशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "देवापुढं रातभर समई जळती, तिच्यात काय पानी घालतुस व्हय? देवाच्या पान्यासाठी जळतंय त्ये तेल. कढई थंडच हाय माजी, हात लावून बघ."

रामहरीनं डोकं खाजवलं. "बापानं बी असंच कायतरी म्हनलं असतं," असं पुटपुटला आणि स्वतःच डब्याचं सील फोडायला वाकला.

कोऱ्या तेलाला गाळायची काय गरज? पण कृपादाननं सवयीनं तेही पातळातून गाळलं. मी ओरडलो. त्यानं ऐकलं नाही. टाकी कोरडी पडल्यामुळं पाइपात हवा धरली होती, ती काढण्यात आणखी वीस मिनिटं गेली. नऊला पाच कमी असताना टेम्पो खोकला आणि सुरू झाला. गहिनीनाथ पिकअपला टेकून बघत होता.

त्या वाटेबद्दल विचारू नका. प्रत्येक चढाला मी दाराची कडी धरत होतो आणि मनातल्या मनात भैरोबाचा धावा करत होतो. कृपादानही काहीतरी पुटपुटत होता, तो त्याच्या देवाचा धावा करत असावा. नदीवर त्यानं पिंप काठोकाठ भरलं. परतीला एक टायर बसलं. स्टेपनी लावून आम्ही निघालो तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

शेवटची टेकडी उतरताना माळ समोर आला आणि कृपादाननं टेम्पो एकदम हळू केला.

"काय झालं? चल की!" मी खेकसलो.

माणसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी होती, उन्हात, डोक्यावर पदर आणि टॉवेल घेऊन. पालांच्या रांगेत प्रत्येक चुलीत लाकडं रचलेली, पीठ भिजवलेलं, कढया रिकाम्या. बायका काडेपेटी हातात धरून आमच्याच रस्त्याकडं बघत होत्या. गहिनीनाथ पिकअपच्या टपावर चढून हाताचा आडोसा करून बघत होता आणि टेम्पो दिसताच तोच आधी ओरडला, "आलं, आलं, पानी आलं!"

धुराचा वास माळभर पसरला आणि एक पोरगी किंचाळली, "आयं, भजी!" सगळे हसले. रामहरीसुद्धा.

अकरा पन्नासला देवाच्या डोक्यावर पाणी पडलं. घंटा वाजली आणि पालांच्या रांगेत एकामागून एक चुली पेटल्या. चांगुणामावशीनं शेजारच्या पालातून तेल मागून आणलं होतं. पहिल्या घाण्याची पुडी घेऊन ती गुडघा धरत टेम्पोपाशी आली.

कृपादान फळीवर बसला होता. पुडी हातात घेऊन तसाच बसून राहिला.

"खा की," मी म्हणालो. "आता काय?"

"गुरुजी, मला वाटायचं, मी येतो तवा जत्रा चालू असती," तो म्हणाला. "आपुन आपलं येका बाजूला पानी ठिवायचं न् भजी खाऊन जायचं. ही समदी माझ्यासाठी थांबत्यात, ह्ये मला तीस वर्सांत कुनी सांगितलं न्हाई."

मला तर माहीत होतं. तीस वर्षं मी त्याच्या शेजारी बसून येत होतो आणि मलाही ते त्याला सांगावंसं वाटलं नव्हतं. मी त्याच्या पुडीतलं एक भजं उचललं आणि त्याच्या शेजारी बसलो.