उन्हात ओढलेली नाव

आमची नाव दर वर्षी चैत्रात बुडवली जायची. कृष्णेचं पाणी तोवर उतरलेलं असे. गावाखालून माणसं गुडघाभर पाण्यातून चालत पलीकडं जात. मासे डोहात गोळा होत, आणि तिथं नावेशिवायही जाळं टाकता येत असे. मग वडील नाव डोहाच्या कडेला नेत, तिच्यात दगड भरत आणि ती हळूहळू तळाशी जाऊ देत. आमच्या घरात याला नाव निजवणं म्हणत. मृग आठ दिवसांवर आला की दगड काढून ती पुन्हा वर घ्यायची. असं का करतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. लहानपणी मला वाटे, चोरीला जाऊ नये म्हणून लपवत असतील.

दुसरी मोठी लढाई संपून वर्ष होत आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी सांगलीच्या कॉलेजात पहिलं वर्ष पुरं करून सुट्टीला गावी आलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी चौथीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. त्यामुळे घरात काही ठरवायचं असलं की वडील बोलता बोलता थांबत आणि माझ्याकडं बघत. मला ते अवघड वाटे. पण आवडतही असे, हे कबूल केलं पाहिजे.

त्या सुट्टीत ठरवायचं होतं ते नावेचं. ती वडिलांनी लग्नाआधी करवून घेतलेली, म्हणजे माझ्यापेक्षा वयानं मोठी. गेल्या पावसाळ्यात तिच्यात पाणी यायला लागलं होतं. थोडंच, पण दर खेपेला. नाव गेली तर वडिलांना खालच्या गावातल्या नाववाल्याकडं वल्हं मारायला जावं लागलं असतं. आयुष्यभर ज्यानं स्वतःच्या नावेतून जाळं टाकलं, त्याला दुसऱ्याच्या नावेत, दुसरा सांगेल तिथं. हे घरात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

मी आलो त्याच संध्याकाळी बोलणं निघालं. धाकटे काका लढाईत इराकला होते, तिथल्या नदीवर लष्करी बोटींवर खलाशी. परत येऊन त्यांना चार महिने झाले होते.

"दादा, इंजिन बशिव," काका म्हणाले. "वरल्या गावचा माझा दोस्त हाय, पलटनीतला. त्येच्या हिरीवरचं तेलाचं इंजिन काढून मोठं बसवत्यात. जुनं आपल्याला देतो म्हनला. पुरात वल्हं मारून छाती फुटती, त्यापरीस इंजिन बरं. बसऱ्याला..."

"बसऱ्याची नदी बी आनायची हुतीस की येताना," आई म्हणाली. ती चुलीपुढं होती, तिनं मान वळवली नाही.

"वैनी, तू हसतीस. पर सकाळी धरल्यालं मासं दिस वर यायच्या आत सांगलीला पोचतील."

"आन् त्येचा फटफट आवाज आयकून मासं जातील कऱ्हाडला," वडील म्हणाले. "मासं काय बहिरं हायत?"

"धरताना बंद ठिवायचं."

"बंद पडलं तर बंदच की."

आईचं म्हणणं वेगळं होतं. ती टोपली घेऊन चार गावं फिरून मासे विकायची, आणि तिला हिशेबीपणानं बोलायची सवय होती. "आवं, हिला ठिगळं लावत बसू नगा," ती म्हणाली. "नवी करा, ल्हान करा. मानसं दोन, आन् नाव धा जनांची कशापायी?"

वडिलांना मात्र जुनीच दुरुस्त करून हवी होती. दोन फळ्या बदलल्या, सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस ठोकून वर राळ लावली, की अजून पाच वर्षं काही होत नाही, असं ते म्हणाले. मग थांबले आणि माझ्याकडं बघितलं.

"तू काय म्हंतोस?"

मी जे म्हणालो ते मला शब्दशः आठवतं, कारण पुढं ते मी पुष्कळदा मनात म्हणून बघितलं आहे. मी म्हणालो, "आबा, नाव नीट बघितल्याशिवाय कसं ठरवायचं? ती पाण्यातून काढू. उन्हात चांगली वाळू दे. म्हणजे कुठं काय झालंय ते दिसेल. मला मापंही घेता येतील. इंजिनाचं वजन तिला पेलेल का नाही, ते मी काढून देतो."

"वाळवायची म्हंतोस?" असं वडिलांनी एकदा विचारलं. मी हो म्हणालो. "बरं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोघा-तिघांनी मिळून दगड काढले आणि नाव काठावर ओढून पालथी घातली. नुकतीच निजवलेली नाव लगेच वर काढलेली बघून धुणं धुणाऱ्या बायका हसल्या. एकीनं विचारलं, "झोप न्हाई लागली व्हय तिला?" काकांनी सांगितलं, "कालेजात घालायची हाय."

नाव बघायला बोलावलेले सुतारमामा चार दिवसांत येणार होते. पण ते पलीकडच्या गावी बैलगाड्यांच्या कामात अडकले आणि त्यांना यायला सोळा दिवस लागले. वैशाखातले सोळा दिवस. मी रोज सकाळी वही घेऊन नावेपाशी जात होतो. लांबी अकरा हात, रुंदी अडीच हात. पाण्यात बुडालेल्या वस्तूच्या वजनाचा जो नियम आम्हाला शिकवला होता, तो मी पहिल्यांदाच खऱ्या वस्तूला लावत होतो. इंजिन दहा मणांचं धरलं तर नाव आणखी पाच बोटं खाली जाईल, असं उत्तर आलं. ते मी तीन वेळा तपासलं. काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पाच बोटं म्हंजे कायच न्हाई की रं गड्या."

सहाव्या दिवशी तळाच्या दोन फळ्यांमध्ये पहिली फट दिसली. मला बरं वाटलं. दोष दिसावेत म्हणूनच तर नाव बाहेर काढली होती. मी वहीत नावेचं चित्र काढून फट तिथं दाखवली. दुसऱ्या दिवशी आणखी दोन दाखवल्या. आठवड्यानं चित्र रेघांनी भरलं, आणि मी मनाशी म्हणालो, नाव आपल्याला वाटत होती त्यापेक्षा फारच वाईट निघाली.

एका संध्याकाळी मी गेलो तर वडील घागरीनं पाणी आणून नावेच्या तळावर ओतत होते. मी म्हणालो, "आबा, नका ओतू. ओल्या फळीचं माप चुकतं." त्यांनी हातातल्या घागरीकडं बघितलं. उरलेलं पाणी वाळूवर ओतलं आणि घागर घेऊन घरी गेले. त्यांनी मला तेव्हाच का सांगितलं नाही, याचा विचार मी अजूनही करतो. कदाचित त्यांना वाटलं असेल, की मला माहीत असेल आणि तरीही मी म्हणतोय म्हणजे त्यात काही कारण असेल. त्यांनी स्वतः पुस्तक वाचलेलं नव्हतं. पुस्तकात काय असतं हे त्यांना कसं कळणार? आणि आपल्या नदीवरची नाव कशी सांभाळायची हे पुस्तकात नसतं, हे मला कसं कळलं नाही, ते मला सांगता येत नाही.

सुतारमामा आले. वयानं वडिलांहून मोठे, एक डोळा बारीक करून बघायची सवय. त्यांनी नावेभोवती एक फेरी मारली. खाली बसले. तळाच्या फटीत करंगळी घातली, ती पेरभर आत गेली. मग त्यांनी कुणाकडंही न बघता विचारलं, "हिला वाळवली कुनी?"

मी तोंड उघडलं होतं, असं मला वाटतं. पण वडील म्हणाले, "मीच."

"तू?"

"व्हय. म्हनलं, दिसंल तरी काय झालंय ते."

मामांनी मान हलवली. मग त्यांनी काकांना उद्देशून सांगितलं ते मी ऐकलं. पाण्यातलं लाकूड फुगलेलं राहतं, म्हणून सांधे धरून राहतात. इतकी वर्षं भिजून राहिलेली फळी एकदम कडक उन्हात पडली की आखडते, वाकते, चिरते. खिळे सैल होतात. "इंजिनाचं इचारू बी नगंस," ते म्हणाले. "ते थरथरतंय. चार दिसांत खिळं एक एक करून पान्यात पडतील."

"पर वजन पेलंल म्हंतोय की ह्यो," काका म्हणाले.

"वजन पेलंल," मामा म्हणाले. "थरथर कोन पेलनार?"

वहीत थरथरीचं काही नव्हतं. काका त्यानंतर इंजिनाविषयी बोलले नाहीत. वरच्या गावच्या दोस्ताला त्यांनी इंजिन नको म्हणून निरोप पाठवला. एरवी ते जेवताना दोन तरी गोष्टी इराकच्या सांगत. त्या आठवड्यात एकही सांगितली नाही.

त्याच दुपारी नाव पुन्हा डोहात निजवली. दगड भरायचं काम मी केलं. पाणी फटींतून इतक्या जोरात आत आलं की निम्मे दगड भरायच्या आतच ती खाली गेली. मग महिनाभर वाट बघणं. वडील रोज डोहावर जात. वर उभं राहून काय दिसत असेल कोण जाणे. पाणी त्या वेळी हिरवं असतं.

मृगाच्या आधी ती वर काढली तेव्हा बऱ्याच फटी मिटल्या होत्या. तीन मात्र मिटल्या नव्हत्या, आणि तळाची एक फळी लांबीला चिरली होती. मामा म्हणाले, नवी नाव करायची तर लाकूड दिवाळीनंतर तोडायचं, सावलीत ठेवायचं. पुढच्या चैत्राच्या आत काही होत नाही. तोवर हीच. त्यांनी चिरलेल्या फळीवर आतून दुसरी फळी बसवली, सांधे भरले. मी हाताखाली होतो. वडील राळ वितळवायच्या जाळासाठी शेणी आणायला गेले होते, तेव्हा मी मामांना म्हणालो, "मामा, नाव मी वाळवायला सांगितली होती. आबांनी नाही."

"ठावं हाय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? तुजा बा असलं करंल व्हय? त्यानं जन्म पान्यात काढलाय." त्यांनी कापसाची वात सांध्यात ठोकली. "त्यो म्हनला मी, म्हून मी गप बसलो. तू बी गप बस. ती पक्कड दे हिकडं."

मी पक्कड दिली.

नाव पाण्यात सोडली तेव्हा घटकाभरात तळाशी चार बोटं पाणी चढलं. वडील म्हणाले, एकजण सारखा उपसत राहिला तर चालेल. पण वडील आणि काका दोघं जाळ्याला लागत. मग उपसणार कोण? मी म्हणालो, या वर्षी मी कॉलेजात जात नाही. हे मी मनापासून म्हणालो होतो. चूक माझी होती, आणि दुसरं काही मला देता येण्यासारखं नव्हतं.

वडील म्हणाले, "न्हाई. तू जायाचंस."

"पण आबा, नाव..."

"नाव माजी हाय."

तेवढ्यावर विषय संपला असं वाटलं, पण आई म्हणाली, "मी बसते उपसाया."

आमच्याकडं बायका नावेतून मासे धरायला जात नाहीत. मासे विकणं त्यांचं, नदीत जाणं पुरुषांचं. वडील म्हणाले, लोक काय म्हणतील. आई म्हणाली, "म्हनतील, भोयाची बायकू नावंत बसली. बैलगाडीत बसल्यावर कोन काय म्हनतं का? मासं इकाया दुपारी जाईन. सकाळी मोकळीच हाय मी." ती मोकळी नव्हती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण दुसरा उपाय कुणालाही सुचला नाही.

जूनच्या शेवटी मी सांगलीला निघालो. नदी चढली होती, पण पूर नव्हता. स्टेशनचा रस्ता पैलतीरावर, म्हणून वडील मला सोडायला निघाले. आई तळाशी बसून पितळी तांब्यानं पाणी बाहेर टाकत होती. काठावरून कुणीतरी ओरडलं, "काय वैनी, नदी रिकामी करताय का?" आईनं मान वर न करता उत्तर दिलं, "अर्धी झाली. अर्धी तुमी करा."

मी ट्रंकेवर पाय वर घेऊन बसलो होतो, कारण पायाखाली पाणी होतं. नंतर लाज वाटून पाय खाली सोडले. पाणी घोट्यापर्यंत आलं. आईचा हात थांबत नव्हता आणि पाणी घोट्यावर चढत नव्हतं; तेवढ्यापुरतं नावेचं आणि आमचं जमलं होतं. वडील प्रवाहाला तिरपी नाव घेऊन शांतपणे वल्हवत होते. मधोमध आल्यावर त्यांनी एकदा खाली बघितलं, मग आईकडं, आणि पुन्हा समोर.

त्या नावेतून त्यांनी तो पावसाळा काढला. मासे नेहमीच्या निम्मे मिळाले, असं काकांनी एका पत्रात लिहिलं. पुढच्या उन्हाळ्यात नवी नाव झाली, आईच्या म्हणण्याप्रमाणे लहान. मी वाळवली नसती तर जुनी आणखी किती टिकली असती, हे मी सुतारमामांना दोनदा विचारलं. एकदा ते पाच वर्षं म्हणाले, एकदा म्हणाले, तशीही गेलीच असती. मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या दिवशी पैलतीरावर मी उतरलो, ट्रंक खाली ठेवली. आई उपसतच होती, कारण त्यांना परत जायचं होतं. वडिलांनी वल्ह्यानं नाव काठापासून ढकलली. "गाडी चुकंल," ते म्हणाले. "हिकडं बघत उभा ऱ्हाऊ नगंस."