सुमनचा वेगळा कप

विश्वासणाऱ्यांनो, आज रोह्यात उपासनेनंतर जे पाहिलं, त्याची अजून किळस येतेय.

आमच्या मंडळीत एक वयस्क मावशी आहेत. आज त्यांनी रडत रडत प्रार्थना केली, की प्रभूसमोर आपण सगळे एक आहोत. मीही मोठ्याने आमेन म्हटलं.

मग चहा झाला. निडीजवळच्या कातकरवाडीतली सुमन आज पहिल्यांदाच आली होती. मावशींनी आम्हाला स्टीलच्या कपांत चहा दिला. तिच्यासाठी मात्र खिडकीतला कान तुटलेला कप काढला.

मी विचारलं, "मावशी, हिला हा कप कशाला?"

त्या हळूच म्हणाल्या, "अगो, ती वाडीवरची हाय. आपले कप कशाला बाटवायचे?"

सुमनने ते ऐकलं. चहा तसाच ठेवून ती निघाली. मावशी दुसऱ्यांना बिस्किटं देत राहिल्या. बाकीच्यांनीही ऐकलं होतं, पण सगळे चहा पीत राहिले.

मी धावत रस्त्यापर्यंत गेले आणि तिची माफी मागितली.

ती शांतपणे म्हणाली, "बाय, असा कप तर गावात पण मिळतो. मग मी इथं कशाला येऊ?"

तिच्या या प्रश्नाचं उत्तर तुमच्यापैकी कुणाकडे आहे का?