बिनसळईचा घुमट

गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात मी बांधकामाचा विषय शिकवतो. औरादजवळच्या आमच्या गावात विहार बांधायचं ठरलं, तेव्हा काम माझ्या थोरल्या भावाकडं गेलं, तो ठेकेदार. त्यासाठी गावात बैठक झाली, तिथं मी मोबाइलवर रोममधल्या एका जुन्या देवळाचा घुमट दाखवला. चुना, ज्वालामुखीची राख आणि दगडाचे तुकडे यांचं ते काँक्रीट. लोखंडाची एक सळई नाही, आणि दोन हजार वर्षं होत आली तरी उभा. लोक बघत राहिले. भाऊही बघत होता.

पुढच्या खेपेला गेलो, तर घुमटाच्या फळ्या ठोकून तयार, मिक्सर फिरतोय आणि वर सळईचा पत्ता नाही.

"अण्णा, लोखंड कुठंय?"

"कामून? तूच सांगितलास की, रोमात न्हाई म्हणून!" सगळ्यांना ऐकू जाईल असं तो ओरडला. "आता इसरलास काय, सर?"

लोखंडाचा खर्च वाचवायला त्याला माझंच बोलणं सापडलं होतं.

"त्यांच्या भिंती वीस फूट जाड होत्या. त्यांचा माल वेगळा, घडण वेगळी. आपला घुमट चार बोटं जाड. माणसांच्या डोक्यावर येईल हा."

"तू पुस्तकं चाळायलास, मी स्लॅब टाकायलोय. एक तरी पडला काय?"

मी शिडी चढलो आणि फळ्यांवर मांडी घालून बसलो. त्यानं खालून हुकूम सोडला, "टाका रे!" पहिलं घमेलं माझ्या पायाशी पालथं झालं. ओलं काँक्रीट पँटवर उडालं. मी हललो नाही.

आमच्या चुलतीनं पुढं होऊन मिक्सर बंद केला. "आमी बाया हितं वंदनेला बसणार हाव. लोखंड घाल, न्हाईतर दुसरा माणूस बघताव."

भावानं घमेल्याला लाथ मारली आणि गडी घेऊन निघून गेला. दुसऱ्या ठेकेदारानं सळ्या बांधून घुमट पुरा केला.

उद्घाटनाला भाऊ आला. मी जवळ गेलो तर म्हणाला, "गावात मान घालवलास माझा. माझ्या दारात पाय ठेवू नको."

"न्हाई ठेवत," मी म्हणालो, आणि ठेवला नाही. त्याच्या लेकीच्या लग्नालाही गेलो नाही. माणसांच्या जिवापेक्षा त्याला स्वतःचा मान मोठा वाटला, हे मला अजून गिळता येत नाही.